अल्फा-सिन्युक्लिन, पुनःसंयोजित मानवी

चेतासंधीच्या (दोन चेतापेशींच्या जोडणीच्या) पूर्वटोकाशी विपुल आढळणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिन या मानवी प्रथिनाचे, जीवाणूंकडून संशोधनासाठी तयार करून घेतलेले रूप. मूळ प्रथिन १४० ॲमिनो अम्लांचे असून त्याचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. ते चेताप्रेषकाच्या (चेतापेशींमधील संदेशवाहक रसायनाच्या) पुटिकांना, म्हणजे सूक्ष्म पिशव्यांना, चिकटते आणि पुटिका पटलाशी जुळवणाऱ्या स्नेअर प्रथिनांच्या बांधणीस मदत करते, असे मानतात.

सिन्युक्लिन हे नाव १९८८ मध्ये मारोटो, कॅम्पानेली व शेलर यांनी टॉर्पेडो या विद्युत पाकट माशावरील कामातून दिले. चेतासंधी आणि केंद्रक अशा दोन्ही ठिकाणी आढळल्यावरून ते पडले. पुढे केंद्रकातील आढळावर शंका घेतली गेली. नाव मात्र टिकले. १९९३ मध्ये अल्झायमर रोगात मेंदूत साठणाऱ्या साक्यांतून मिळालेल्या एका तुकड्याचे पूर्वरूप म्हणून मानवी प्रथिन वेगळ्या नावाने नोंदले गेले. १९९७ मध्ये कंपवाताच्या (पार्किन्सन रोगाच्या) काही कुटुंबांत ५३ व्या स्थानी ॲलनिनऐवजी थ्रिओनिन सापडले. लेवी पिंडांतही, म्हणजे या रोगात मेंदूच्या पेशींत दिसणाऱ्या गोळ्यांतही, हेच प्रथिन असल्याचे त्याच वर्षी दिसले.

उत्पादन बहुधा ई. कोलाय जीवाणूत होते. प्रथिनाला पक्की घडी नसल्याने ते उकळल्यावरही विरघळलेलेच राहते आणि जीवाणूंची बहुतेक प्रथिने साकळून खाली बसतात. उरलेली शुद्धी ऋणायन-विनिमय व आकारानुसारी वर्णलेखनाने, म्हणजे विद्युतभार व आकार यांनुसार रेणू वेगळे करून, होते. येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. १३६ व्या स्थानच्या टायरोसिन या ॲमिनो अम्लाचा मानवी जनुकातील संकेत टीएसी (डीएनएची तीन अक्षरे) जीवाणू कधीकधी चुकीचा वाचतो आणि तेथे सिस्टिन हे दुसरे ॲमिनो अम्ल घालतो. मूळ प्रथिनात सिस्टिन मुळीच नाही. सिस्टिनांतील गंधक एकमेकांशी जोडले गेल्याने अशा रेणूंच्या जोड्या बनतात आणि त्या खऱ्या द्विवारिक (दोन रेणूंचे नैसर्गिक रूप) समजण्याची चूक होऊ शकते. संकेत टीएटी केल्यास हा दोष टळतो, म्हणून प्लाझ्मिड (जनुक जीवाणूत नेणारे डीएनएचे वर्तुळ) निवडताना हे तपासावेच. शिवाय मानवी पेशीत प्रथिनाच्या आरंभटोकाला ॲसिटिल गट असतो, साध्या ई. कोलायमध्ये तो जोडला जात नाही. त्यासाठी हा गट जोडणारे नॅटबी विकर त्याच जीवाणूत सोबत तयार करवतात.

पेशीतील मूळ रूपाविषयी मतभेद आहेत. २०११ मध्ये सर्पिल घडीचा चतुर्वारिक (चार रेणूंचा समूह) सुचवला गेला. त्यानंतरची बरीच मापने, जिवंत पेशींतील चुंबकीय अनुनाद मापनांसह, घडी नसलेल्या एकवारिकाच्या (एकट्या रेणूच्या) बाजूने जातात आणि तेच अधिक ग्राह्य वाटते.

प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर १४.५ किलोडाल्टनचे हे प्रथिन बरेच जड भासते. ते ३७ अंश सेल्सियसला हलवत ठेवल्यास तंतू बनतात. त्यांची वाढ थायोफ्लेविन-टी या तंतूंना चिकटून चमकणाऱ्या रंगद्रव्याच्या प्रतिदीप्तीने मोजतात.