पाचव्या जागेवरचं अमिनो आम्ल

तिखट खाल्लं की अल्सर होतो, ही समजूत अजून जात नाही. अल्सरमागे बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. या जिवाणूच्या शोधासाठी बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५चं नोबेल मिळालं. तो प्रतिजैविकांनी जातो. ‘पोट डिटॉक्स’ करणाऱ्या काढ्यांवर पैसे घालवू नका.

मला मात्र भुरळ घालतं ते या जिवाणूचं कॅगए हे प्रथिन. काही वाण सूक्ष्म नळीवाटे ते थेट जठराच्या पेशीत सोडतात. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; तिथे पेशीचीच एन्झाइम्स कॅगएमधल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतात. आणि फॉस्फेट चढलेलं टायरोसिन धरणं हेच तर आपल्या प्रथिनांमधल्या एसएच२ घड्यांचं, म्हणजे ठरावीक आकारात दुमडलेल्या भागांचं, काम! टोनी पॉसन यांच्या गटाने १९८६मध्ये ही घडी ओळखली. लांबी सुमारे शंभर अमिनो आम्लं. माणसात अशा सुमारे १२० घड्या आहेत.

घडीत एक खोल खळगा असतो आणि त्याच्या तळाशी धनभारित आर्जिनिन. ऋणभारित फॉस्फेट त्याला जाऊन भिडतं. फॉस्फेट सेरीन या अमिनो आम्लावरही चढतं, पण सेरीनची शाखा आखूड, ती तळापर्यंत पोचतच नाही.

मग १२० घड्यांपैकी नेमकी कोणती धरणार? ते टायरोसिनच्या पुढची आम्लं ठरवतात. दोन पिनांच्या प्लगसारखी ही रचना आहे: एक पिन फॉस्फेटची, दुसरी पुढच्या आम्लांची. सार्क (Src) या प्रथिनाच्या घडीला टायरोसिनपुढे तिसऱ्या जागी आयसोल्युसिन हे आम्ल मानवतं. जीआरबी२ या प्रथिनाच्या घडीत ट्रिप्टोफॅन हे आम्ल आडवं येतं, त्यामुळे धरल्या जाणाऱ्या साखळीला वळण घ्यावं लागतं. म्हणून तिला दुसऱ्या जागी अ‍ॅस्पॅराजिन लागतं.

कॅगएला धरते आपल्या पेशीतल्या एसएचपी२ या प्रथिनाची घडी. एरवी ती एसएचपी२च्याच एन्झाइमचं काम करणाऱ्या भागाचं तोंड बंद करून असते. कॅगए चिकटलं की ते तोंड उघडतं आणि पेशीला वाढीचे संदेश अवेळी जाऊ लागतात.

पाश्चात्त्य वाणांच्या कॅगएमध्ये टायरोसिनपुढे पाचव्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल असतं, तर पूर्व आशियातल्या वाणांत फिनाइलअ‍ॅलॅनिन. या फिनाइलअ‍ॅलॅनिनचं पाणी टाळणारं कडं एसएचपी२च्या घडीतल्या पोकळीत चपखल बसतं. जपानच्या मासानोरी हाताकेयामा यांच्या गटाला त्यामुळे पकड जवळपास शंभरपट घट्ट आढळली. जपान, कोरिया, चीनमध्ये जठराचा कर्करोग जास्त आढळतो. त्यात खारवलेल्या अन्नाचा आणि धूम्रपानाचाही वाटा आहे, पण ही घट्ट पकड हे त्याचं एक महत्त्वाचं कारण मानलं जातं.