फ्रेडी, लाकडी गाडी आणि १९७३ चा अहवाल

एडिंबरो विद्यापीठातल्या यंत्रमानव-संशोधनाची सुरुवात काडेपेट्यांपासून सांगावी लागते. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिश केंद्रात शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम करताना डोनाल्ड मिची यांची संगणकशास्त्राचा पाया घालणारे गणिती ॲलन ट्युरिंग यांच्याशी मैत्री झाली आणि यंत्र शिकू शकेल का, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करून बसला. पुढे ते जनुकशास्त्राकडे वळले, पण प्रश्न सुटला नाही. हाताशी संगणक नव्हता, म्हणून १९६१ च्या सुमारास त्यांनी तीनशेहून अधिक काडेपेट्या आणि रंगीत मणी घेऊन फुलीगोळा खेळणारे 'यंत्र' रचले. प्रत्येक पेटी म्हणजे डावातली एक स्थिती आणि बाहेर येणारा मणी म्हणजे पुढची खेळी. जिंकल्यावर त्या पेट्यांत मणी वाढवायचे, हरल्यावर काढून घ्यायचे. चुकांतून शिकण्याचे तत्त्व इतक्या साधेपणाने मांडलेले मला दुसरे ठाऊक नाही.

१९६० च्या दशकाच्या मध्यात मिचींच्या जोडीला रसायनशास्त्रातले ख्रिस्तोफर लाँगेट-हिगिन्स आणि मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी आले. तिघांच्या तीन वाटा. त्यांचे आपसात फार काळ जमले नाही, तरी त्यांच्याच विभागात फ्रेडी हा यंत्रमानव जन्मला.

फ्रेडी म्हणजे कॅमेरे, वरून खाली उतरणारी मोठी पकड आणि तिच्याखाली सरकणारे टेबल. वस्तूपाशी हात न्यायचा नाही, वस्तूच हाताखाली आणायची, ही युक्ती. १९७३ पर्यंत फ्रेडीची दुसरी आवृत्ती सुट्या भागांच्या ढिगातून लाकडी खेळण्यातली गाडी जुळवू लागली. चाक कोणते, आस कुठली, हे त्याला आधी दाखवावे लागे, आणि कामाला तासन्‌तास लागत. पण अवघड भाग जुळवणीचा नव्हता. भाग एकमेकांवर पडले, सावल्या मिसळल्या, की एक वस्तू कुठे संपते हेच कॅमेऱ्याला कळत नसे. मग फ्रेडी ढीग चाचपून, विस्कटून, पुन्हा पाहत असे. पाहण्यासाठी हात चालवावा लागतो, हे तिथे प्रत्यक्ष दिसले.

नेमके त्याच वर्षी गणिती जेम्स लाइटहिल यांचा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो ब्रिटनच्या विज्ञान संशोधन परिषदेने मागवला होता. त्यांनी क्षेत्राचे तीन भाग पाडले: स्वयंचलन, मेंदूचा संगणकाधारित अभ्यास आणि या दोहोंना जोडणारा पूल, म्हणजे यंत्रमानव. पहिले दोन त्यांना मान्य होते, पूल मात्र पोकळ वाटला. शक्यतांची संख्या इतक्या वेगाने फुगते की छोट्या जगात चाललेली पद्धत खऱ्या जगात कोलमडते, हा त्यांचा मुख्य आक्षेप. तो खोटा नव्हता. पण निष्कर्ष घाईचा होता, असे माझे ठाम मत आहे: पूल अवघड आहे म्हणूनच तो विद्यापीठात बांधायला हवा होता. मिचींनी दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत लाइटहिलना उत्तर दिले, तरी निधी आटला. १९७६ च्या सुमारास फ्रेडीचे काम थांबले.

विभाग मात्र टिकला. लाँगेट-हिगिन्स यांचे विद्यार्थी आणि पुढे न्यूरल नेटवर्कवरच्या कामासाठी गाजलेले जेफ्री हिंटन यांनी त्याच पडत्या काळात तिथे पीएच.डी. केली. फ्रेडीच्या चमूतले रॉबिन पॉपलस्टोन आणि पॅट ॲम्बलर यांनी यंत्रमानवाला जुळवणीच्या सूचना देण्याची रॅप्ट ही भाषा घडवली. तिच्यात हाताची प्रत्येक हालचाल लिहायची नसते. हा पृष्ठभाग त्या पृष्ठभागाला टेकलेला हवा, हा दांडा त्या भोकात बसलेला हवा, एवढे सांगायचे. भाग नेमके कुठे ठेवायचे ते यंत्र काढते. १९८३ मध्ये जपानच्या पाचव्या पिढीच्या संगणक प्रकल्पाचा धसका घेऊन ब्रिटिश सरकारने अल्व्ही या संगणक-संशोधनाच्या कार्यक्रमातून पुन्हा पैसा ओतला, तेव्हा हे काम करणारी माणसे एडिंबरोत होती.