सुटकेआधीच ठरलेली आठवण

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातली एक गोष्ट वाचताना सहज निसटते. इस्राएली लोक अजून मिसरातच (इजिप्तमध्येच) गुलामीत आहेत, तिथल्या राजाने, फारोने, त्यांना सोडलेलं नाही, आणि तरी सुटकेचा दिवस, म्हणजे वल्हांडण सण, पिढ्यान्‌पिढ्या कसा पाळायचा याचे नियम सांगून झालेत. कोकरू विस्तवावर भाजायचं, कंबर कसून, पायात जोडे आणि हातात काठी घेऊन घाईघाईने खायचं, सात दिवस घरात खमीर ठेवायचं नाही. आधी घटना आणि मग सावकाश सुचलेला सण, असा क्रम इथे नाहीच. या नियमांच्या मधेच मुलं येतात: हे सगळं कशासाठी, असं ती विचारतील, तेव्हा त्यांना सांगा.

म्हणजे ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं, त्यांचा विचार पहिल्यापासून होता. यार्देन ओलांडल्यावर त्यांचा पुढारी यहोशवा याने नदीच्या पात्रातले बारा धोंडे गिलगालात उभे केले, तेही पुढच्या पिढीने विचारावं म्हणून. शमुवेल संदेष्ट्याने आठवणीसाठी उभा केलेला धोंडा, एबन-एजर, याच जातकुळीतला.

बायबलच्याच अनुवाद नावाच्या पुस्तकात मात्र धास्ती वेगळीच आहे. संकटात देव आठवतोच. पोट भरलं, चांगली घरं झाली, गुरंढोरं आणि सोनंरुपं वाढलं की विसर पडेल, असं आठवा अध्याय बजावतो. म्हणून पहिल्या पिकाची टोपली याजकाच्या हाती देताना शेतकऱ्याने काय म्हणायचं, तेही सव्विसाव्या अध्यायात ठरवून दिलंय. सुरुवात भटक्या अरामी पूर्वजापासून होते: तो मिसरात गेला, तिथे उपरा म्हणून राहिला. आणि लगेच पुढे, मिसऱ्यांनी ‘आम्हाला’ छळलं. मिसर कधी डोळ्यांनीही न पाहिलेला माणूस ‘आम्हाला’ म्हणतो! माझ्या मते या साऱ्या परंपरेचं मर्म या एका सर्वनामात आहे.

नेम होता म्हणून तो पाळला गेला, असं नाही. इ.स.पू. 622च्या सुमारास योशीया राजाने वल्हांडण पाळला तेव्हा, शास्त्यांच्या, म्हणजे राजे होण्याआधीच्या पुढाऱ्यांच्या, काळापासून असा वल्हांडण झालाच नव्हता, अशी नोंद दुसऱ्या राजे या पुस्तकात आहे. उलटा घोळही झाला. रानात सर्पदंशातून जीव वाचल्याची खूण असलेल्या पितळी सापापुढेच लोक धूप जाळू लागले. शेवटी, योशीयाच्याही आधी, हिज्कीया राजाने तो फोडून टाकला.

इ.स.पू. 419 मधलं एक पपायरसवरचं पत्र सापडलंय. नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावरच्या यहुदी शिबंदीला त्यात बेखमीर भाकरीच्या, म्हणजे वल्हांडणाला जोडूनच येणाऱ्या सात दिवसांच्या, सणाच्या सूचना आहेत. मिसरातून सुटल्याचा सण, आणि पाळायचा मिसरातच!

इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने यरुशलेमचं मंदिर पाडलं आणि कोकराचा यज्ञ थांबला. सण घरातल्या जेवणाच्या मेजावर टिकला. इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेली मिश्ना, म्हणजे यहुदी धर्मनियमांचा संग्रह, सांगते की, प्रत्येक पिढीतल्या माणसाने आपण स्वतः मिसरातून बाहेर आलो असं मानावं. म्हणजे पुन्हा तोच शेतकऱ्याचा ‘आम्ही’. कडू भाजी जिभेवर ठेवायची, प्रश्न घरातल्या लहानग्याने विचारायचे. सुटकेआधी मिसरावर आलेल्या दहा पीडांची नावं घेताना पेल्यातला द्राक्षारस थेंब थेंब बाहेर काढायची रीत पुढे रूढ झाली. मिसऱ्यांच्या दुःखामुळे आपला आनंद तेवढा कमी, असा तिचा एक अर्थ सांगतात.

येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या ख्रिस्ती विधीची, प्रभुभोजनाची, मुळं याच सणात आहेत. पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार येशूचं शेवटचं भोजन वल्हांडणाचं होतं. ‘माझ्या स्मरणार्थ हे करा’ हे शब्द प्रेषित पौलाने इ.स. 55च्या सुमारास करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात आहेत. इथेही आज्ञा आधी येते, वधस्तंभ दुसऱ्या दिवशी. येशूच्या पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) कधी पाळायचा यावर मात्र ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये दीर्घकाळ वाद चालला. अखेर इ.स. 325 मध्ये निकियात भरलेल्या बिशपांच्या परिषदेने तो सर्वांनी एकाच दिवशी, यहुदी गणनेवर विसंबून न राहता पाळावा, असं ठरवलं.