काटा नसलेला हलवा

संक्रांतीच्या तोंडावर सांगलीला मावशीकडे गेलो होतो. ती शेगडीपुढे बसून हलवा करत होती, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इशारा येऊन पडला: रंगीत चॉकलेटच्या गोळ्यांवर मेण असतं, पोरांना देऊ नका! "खरं का रे हे?" मावशीनं विचारलं.

मेण असतं, हे खरं. ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पानांवरचं, कार्नौबा नावाचं. औषधाच्या कित्येक गोळ्यांची चकाकीही त्याचीच. ते नावापुरतं असतं आणि न पचता बाहेर पडतं. अशा घबराटी जुन्याच आहेत. १९७६ मध्ये अमेरिकेत एका लाल रंगावर बंदी आली, तेव्हा 'एम अँड एम्स' या तिथल्या रंगीत चॉकलेट-गोळ्यांमधली लाल गोळी बंद झाली. तो रंग तिच्यात नव्हताच! ती परतली थेट १९८७ मध्ये.

फॉरेस्ट मार्सनं या गोळीचं पेटंट १९४१ मध्ये घेतलं. दुसरा 'एम' त्याचा भागीदार ब्रूस मरी याचा. महायुद्धात या गोळ्या अमेरिकी सैनिकांकडे जात, कारण खिशात त्यांचा चिखल होत नसे. चॉकलेटमधलं कोकोचं लोणी साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे आपल्या एप्रिलपुढे त्याची काय कथा. त्याला सावरतं ते साखरेचं कवच. आणि ते कवच म्हणजे मावशीच्या परातीतला हलवाच.

परातीत खसखस, खाली मंद निखारे. चमचाभर पाक घालायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. २० अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. पाणी उडू लागलं की साखर पाकात मावेनाशी होते. तिला स्फटिक व्हायचं असतं, पण कोऱ्या जागी नवा स्फटिक सुरू करणं अवघड. आधीच्या स्फटिकावर जाऊन बसणं सोपं. म्हणून थरावर थर चढतो. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटून ढेकूळ होतं, आणि घाई केली तर सगळंच बिघडतं. मावशीला यात चार-पाच दिवस सहज जातात.

कारखान्यात परातीच्या जागी फिरतं पिंप असतं. निखारे मात्र चालत नाहीत, आतलं चॉकलेटच वितळेल. मग पाण्याला घालवायचं कसं? कोरड्या, गार हवेच्या झोतानं. वाळवायला उष्णता लागतेच असं नाही, हवेत बाष्पाला जागा हवी. संक्रांतीची कोरडी थंडी हलव्याला मानवते ती याचसाठी.

मग हलव्यावर येतो तो काटा या गोळीवरून कुठे गेला? थेंबभर पाकात, जो उंचवटा आधी उभा राहतो तोच परातीतल्या पाकाला आधी टेकतो, आणि आणखी वाढतो. जपानच्या कोम्पेइतो मिठाईलाही असेच टेंगूळ येतात. तोराहिको तेरादा या भौतिकशास्त्रज्ञानं त्यावर डोकं खपवलं होतं. पिंपात मात्र प्रत्येक गोळी पाकानं पुरती भिजते, शेजारणींशी घासली जाते, उंचवटे झिजतात.

हे सगळं मी मावशीला ऐकवलं. तिनं परात जरा फिरवली. "काटाच नाही? मग तो हलवा कसला!"