शेल स्क्रिप्टमधून पॅकेज मॅनेजर ओळखणे

आपण कोणत्या लिनक्सवर चालतो आहोत आणि इथे सॉफ्टवेअर बसवायची आज्ञा, म्हणजे पॅकेज मॅनेजर, कोणती, हे शेल स्क्रिप्टने (ओळीने चालवायच्या आज्ञांच्या फाइलने) स्वतःच हुडकून काढण्याची रीत. डेबियन-उबुंटूवर एपीटी, फेडोरावर डीएनएफ, ओपनसुसेवर झिपर, आर्चवर पॅकमन, अल्पाइनवर एपीके. जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू असते, एखादा पोरगा फेडोराचा लॅपटॉप घेऊन येतो आणि लॅबसाठी लिहिलेली स्क्रिप्ट त्याच्याकडे जीसीसी (सी भाषेचा कंपायलर) बसवताना पहिल्याच ओळीला 'कमांड नॉट फाउंड' म्हणत आडवी पडते.

रूढ उपाय म्हणजे 'कमांड -व्ही' (या नावाची आज्ञा यंत्रावर आहे का हे सांगणारी आज्ञा) वापरून एकेक नाव विचारत जाणे आणि पहिले सापडले की थांबणे. पुष्कळ जण इथे 'विच' लिहितात. ते युनिक्ससारख्या प्रणालींच्या पॉझिक्स मानकात नाही, 'कमांड -व्ही' आहे. डीएनएफ आधी विचारावे, यम नंतर. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ (२०१९) पासून यम हे डीएनएफचेच जुने नाव उरले आहे.

पण नुसत्या नावावर विसंबले की फसगत होते. डेबियनच्या सॉफ्टवेअर-भांडारात 'पॅकमन' नावाचा चक्क खेळ आहे, भुतांना चुकवत ठिपके खाण्याचा. जावाच्या जुन्या संचातही 'एपीटी' नावाचे एक साधन होते. त्याचा पॅकेजांशी काडीचा संबंध नाही.

म्हणून यंत्रालाच त्याची ओळख विचारणे बरे. सिस्टमडीने (लिनक्स सुरू करून त्यातल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रणालीने) २०१२ मध्ये आणलेल्या 'ओएस-रिलीज' फाइलमध्ये ती लिहिलेली असते. ही फाइल इटीसी फोल्डरात सापडते आणि शेलला थेट वाचता येते. खानदेशातल्या गावात अनोळखी पोराने नाव सांगितले की म्हातारी माणसे लगेच विचारतात, ''कोणाचा रे तू?'' फाइलमधला 'आयडी' म्हणजे नाव आणि 'आयडी_लाइक' म्हणजे हे 'कोणाचा'. मिंट या लिनक्सचे नाव स्क्रिप्टच्या यादीत नसले तरी तिथे उबुंटू दिसते. रॉकी लिनक्सच्या ओळीत फेडोरा असतो. खुद्द डेबियनमध्ये मात्र 'आयडी_लाइक' नसतेच, तेव्हा 'आयडी' आधी तपासावा. एका ओळीत अनेक नावे असू शकतात, म्हणून शब्द पूर्ण जुळवावा, तुकडा नव्हे.

मॅनेजर सापडला तरी पॅकेजचे नाव वेगळे निघते. सी कंपायलर आणि त्याचा लवाजमा उबुंटूवर 'बिल्ड-इसेन्शियल', आर्चवर 'बेस-डेव्हल', अल्पाइनवर 'बिल्ड-बेस'. त्यासाठी स्क्रिप्टमध्ये नावांचा वेगळा तक्ता ठेवावा लागतो, आणि खरा वेळ त्यातच जातो.