अंगठ्याखालची फिरकी

पतंग उडवताना ज्यानं फिरकी धरलीय, त्याला बेटकास्टर रील, म्हणजे मासे धरायच्या रॉडवरची दोरीची आडवी फिरकी, निम्मं कळलेलंच असतं. ढील दिली की फिरकी भन्नाट सुटते. पतंग मध्येच अडखळला तरी तिला त्याची खबर नसते, ती आपली फिरतच राहते आणि पायाशी मांज्याचा ढीग पडतो. मग शिव्या फिरकीवाल्याला.

माझा ढीग भोगावती नदीच्या काठी पडला. बंधाऱ्याला बरगे घातलेले, पाणी तुंबून गप्प झालेलं. पलीकडं आठेक मीटरवर जलपर्णीत परातीएवढी मोकळी जागा. तिथं मरळ वर आली, तोंडानं हवा घेतली आणि परत बुडाली. (मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, हवा घ्यायला वर यावंच लागतं.) मी नवंकोरं रील सरसावलं, हात फिरवला. आमिष दोन हात अलीकडंच पडलं आणि रीलमध्ये चिमणीचं घरटं झालं. पुढचा पाऊण तास सुईनं दोरी सोडवण्यात गेला.

मी करू बघत होतो त्याला पिचिंग म्हणतात. पद्धत अमेरिकेतली, तिथल्या लार्जमाउथ बास माशासाठी रुळलेली. बास आपल्याकडं नाही, पण त्याची खोड मरळीसारखीच: झाडोऱ्यात दबा धरून बसायचं आणि समोर आलेल्यावर झडप घालायची. तिथं आमिष डोक्यावरून भिरकावून धपकन टाकलं तर मासा पसार होतो. म्हणून पिचिंगमध्ये आमिष रॉडच्या टोकापासून रीलच्या पातळीपर्यंत लोंबतं सोडतात आणि मोकळ्या हातात धरतात. टोक खाली नेऊन अलगद वर उचलायचं, त्याच वेळी हातातलं आमिष सोडायचं. ते झोका घेत पायापासून पुढं जातं, पाण्यावरून वीतभर उंचीनं सरकतं. टेकायच्या क्षणी अंगठ्यानं स्पूल (रीलमधला दोरी गुंडाळलेला फिरता भाग) दाबला की चुळुक एवढाच आवाज. अंतर पाच ते बारा मीटर, आमिष साधारण १० ते २८ ग्रॅमचं.

ताकदीचा यात प्रश्नच नाही. अडचण अशी की अंगठा उचलला त्या क्षणी स्पूल थांबलेला असतो आणि त्याला पळवायचं काम त्या चिमुकल्या आमिषावर येतं. समजा स्पूलचा व्यास ३४ मिलिमीटर आहे. म्हणजे एका फेऱ्यात सुमारे १०७ मिलिमीटर दोरी सुटते. आमिष सेकंदाला १० मीटर वेगानं निघालं तर स्पूलला मिनिटाला ५,६०० फेऱ्यांचा वेग गाठावा लागतो, तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत. दोरीसकट स्पूल २० ग्रॅमचा असेल आणि भरीव चकती धरली, तर काठावरून ओढणाऱ्याला तो १० ग्रॅमच्या ओझ्यासारखा जाणवतो. १४ ग्रॅमच्या आमिषानं १० ग्रॅमचं गाठोडं ओढत उडायचं! आणि पुढं हवेच्या विरोधानं आमिष मंदावतं, तेव्हा हेच गाठोडं थांबायला तयार नसतं. घरटं होतं ते इथं.

मामांना रील दाखवलं. आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेलेलं, ऑइल इंजिनची फ्लायव्हील किती केली याची गणती नाही. स्पूल बोटानं फिरवून ते म्हणाले, "अरं, फ्लायव्हीलचं वजन काठाला ठेवत्यात ते फिरत राहावं म्हणून. तुला थांबायला पायजे, आन् तू काठापतोर दोरी भरलीयास व्हय?"

बरोबर होतं. भरीव दंडगोलाची लांबी तीच ठेवली, तर त्याचं फिरतं जडत्व त्रिज्येच्या चौथ्या घातानं वाढतं. दोरीची पातळी ३४ वरून ३० मिलिमीटरवर आणली तर ते जवळपास ४० टक्क्यांनी उतरतं. स्पूलच्या कडा तशाच राहतात, त्यामुळे प्रत्यक्षात फायदा थोडा कमी, पण हाताला कळण्याइतका नक्कीच. बारा मीटर टाकायला शंभर मीटर दोरी कशाला? मी चाळीस ठेवली. काढलेली मामांनी परसातल्या दोडक्याच्या वेलाला बांधली.

याची किंमत मोजावी लागते. पातळी उतरली की हँडलच्या एका फेऱ्यात दोरीही कमी येते, आणि मासा तर झाडोऱ्यातून झटक्यात बाहेर काढायचा असतो. भरलेल्या स्पूलवर ७:१ गिअर (हँडलचा एक फेरा, स्पूलचे सात) एका फेऱ्यात ७५ सेंटिमीटर ओढतो. ३० मिलिमीटरला तेवढंच ओढायला ८:१ लागतो. म्हणून पिचिंगला वेगवान गिअर घ्यावा. दुकानात मात्र बेअरिंग मोजून दाखवतात. त्यातली बरीचशी हँडलच्या मुठीत असतात, त्यांचा फेकण्याशी काडीचा संबंध नाही. स्पूल हलका आहे का ते विचारा.

ब्रेक दोन जातींचे. चुंबकी ब्रेक म्हणजे आपल्या जुन्या लाइटच्या मीटरातली युक्ती. त्यातली ॲल्युमिनियमची चकती चुंबकाच्या फटीतून फिरायची, तिच्यात विजेचे भोवरे प्रवाह तयार व्हायचे आणि तेच तिला मागं खेचायचे. इथं चकतीच्या जागी स्पूल. हे प्रवाह १८५५ मध्ये लिओं फुकोनं दाखवले. पृथ्वी फिरते हे लंबक टांगून दाखवणारा तोच फुको. दुसरा ब्रेक सेंट्रिफ्युगल: फिरता फिरता छोटे ठोकळे बाहेर सरकून कड्याला घासतात. वेग निम्मा झाला की चुंबकी ब्रेकचा जोर निम्मा उरतो, सेंट्रिफ्युगलचा पाव. पिचिंगचा वेग लांब फेकीपेक्षा कमी, त्यामुळे सेंट्रिफ्युगल आपोआप वाटेतून बाजूला होतो. माझा कौल त्यालाच. चुंबकी असेल तर डायल शून्याच्या जवळ ठेवायची. बाजूचा नॉब स्पूल आडवा हलायचा थांबेल एवढाच आवळायचा.

झाकण उघडून आतलं बघितल्यावर मामा म्हणाले, "हे घड्याळजीचं काम हाय." त्यांना माहीत नव्हतं, पण अमेरिकेत गिअरचं रील पहिल्यांदा घडवण्याचं श्रेय केंटकीतल्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीलाच देतात. स्वीडनची आबू कंपनीसुद्धा १९२१ मध्ये घड्याळं बनवण्यासाठीच निघाली होती.

राहिला रॉड. सात ते साडेसात फूट, कण्याला दणकट, वाकणारं फक्त टोक. कणा मऊ असला तर गळ रुतण्याआधीच मरळ जलपर्णीत दोरी गुंडाळून बसते. लांबी मात्र स्वतःच्या उंचीला बघून घ्यावी. मी साडेपाच फुटी. साडेसातचा रॉड झुकवला की माझं आमिष झोका घेताना घाटाच्या पायरीला ठेचकाळतं, सातच्यानं सुटतं.

हल्ली मी संध्याकाळी अंगणात पाण्याची परात ठेवून आठ मीटरवरून सराव करतो. दहातली चार पडतात. परातीचा आवाज आला की मामा आतूनच ओरडतात, "अंगठा उशिरा टेकला!"