मुख व जठर यांतील पचन

पचनाच्या या पहिल्या दोन टप्प्यांत अन्न बारीक होते, भिजते आणि त्यातील पिष्ट व प्रथिने यांच्या विघटनास सुरुवात होते. पोषकद्रव्यांचे शोषण मुख्यतः पुढे लहान आतड्यात होते.

सोलापूरची कडक भाकरी या क्रियेचे उत्तम उदाहरण होय. ज्वारीची पातळ भाकरी पूर्ण वाळवली, की ती आठवडेच्या आठवडे टिकते. आमटीत चुरून खाल्ली, तर भिजवण्याचे बरेचसे काम ताटातच उरकते. शेंगाचटणीबरोबर कोरडी खाल्ली, तर ते दातांवर व लाळेवर येते. लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या दिवसाकाठी सुमारे १ ते १.५ लिटर लाळ स्रवतात. तिच्यातील टायलीन हे विकर (एंझाइम) पिष्टाचे माल्टोज या शर्करेत रूपांतर करू लागते, म्हणून भाकरीचा घास बराच वेळ चावल्यास गोडसर लागतो. घास गिळताच लाळेचे कार्य संपते असे समजले जाते, ते तितकेसे बरोबर नाही. घासाच्या गाभ्यात आम्ल शिरेपर्यंत टायलिनाची क्रिया जठरातही चालू राहते.

जठराचे कार्य नेमके कोणते, यावर दीर्घकाळ वाद होता. एक पक्ष जठर अन्न दळते असे मानी, दुसरा ते कुजवते असे म्हणे. रेओम्यूर (१७५२) व पुढे स्पालान्झानी यांनी जाळीदार नळ्यांत मांस घालून ते पक्ष्यांना गिळायला लावले. दाब न पडताही मांस विरघळलेले आढळले. प्राउट यांनी १८२४ मध्ये जठरातील आम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचे दाखवले, तरी ते लॅक्टिक असावे हे मत काही काळ टिकून होते. बिडर व श्मिट यांच्या १८५२ मधील मापनांनंतर प्राउट यांचाच पक्ष ग्राह्य ठरला. दरम्यान बोमाँट यांनी बंदुकीच्या जखमेमुळे जठराला कायमचे छिद्र राहिलेल्या रुग्णावरील निरीक्षणे १८३३ मध्ये प्रसिद्ध केली. बाहेर काढलेला जठररस कुपीत ऊब देऊन ठेवला, तरी अन्न विरघळवतो, हे त्यांत आहे. १८३६ मध्ये श्वान यांनी जठररसातील प्रथिने तोडणारे विकर, पेप्सीन, ओळखले. दळण्याचा पक्षही सर्वस्वी चुकीचा नव्हता: जठराच्या भित्तीत मिनिटाला सुमारे तीन आकुंचन-लहरी उठतात आणि अन्न घुसळून पेजेसारखे होते. स्निग्ध पदार्थांमुळे जठर सावकाश रिकामे होते. तेल सुटेपर्यंत कुटलेल्या शेंगाचटणीचे जेवण पोटात टिकते, ते बहुधा यामुळेही.

चरकसंहितेत (काळ अनिश्चित, सामान्यतः इ. स. पू. पहिले ते इ. स. दुसरे शतक) मधुर, अम्ल व कटू असे तीन अवस्थापाक, म्हणजे पचनाचे क्रमाने येणारे टप्पे, सांगितले आहेत. मधुर अवस्थापाक म्हणजे लाळेने होणारे पिष्टाचे शर्कराकरण, असे काही आधुनिक भाष्यकार मानतात. तथापि मूळ विवेचनाचा रोख त्या अवस्थेतील कफोत्पत्तीकडे असल्याने हे समीकरण जपूनच स्वीकारावे.

ज्वारीबाबत एक बाब विशेष नोंदण्याजोगी आहे. तिच्यातील काफिरिन हे प्रथिन पाण्यात शिजवल्यावर गंधकबंधांनी अधिक घट्ट जोडले जाते व पेप्सिनाला सहज दाद देत नाही. गव्हात वा तांदळात ही अडचण इतकी जाणवत नाही. ज्वारीचे पीठ आंबवून शिजवल्यास प्रथिनांची पचनीयता सुधारते, असे प्रयोगांत आढळले आहे; आंबील याच रीतीने करतात.